ओल कुणाची, खर्च कुणाचा?

प्रश्न : डोंबिवलीत वन बीएचके भाड्याने घेतलाय, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स. जुलैपासून बेडरूमची बाहेरची भिंत ओली आहे, कपाटामागे काळी बुरशी, मुलाच्या दप्तरालाही बुरी आलीय. मालक म्हणतात तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळवता म्हणून झालं, आणि जाताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार. भाडं थांबवू का?

उत्तर : भाडं अजिबात थांबवू नका. थकबाकीदार तुम्ही ठराल आणि भिंतीचा विषय बाजूलाच राहील. नेटवर सगळे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ दाखवतात, की करारात उलट काही नसेल तर दुरुस्ती मालकाची, त्याने टाळली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, वाजवी वाट बघून आपण करून घ्यायची आणि भाड्यातून वळती करायची, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. ते खरंय, पण ते भाडेकरूला. लीव्ह अँड लायसन्सवाल्याला कायदा भाडेकरू धरत नाही, त्यामुळे तुमचा सगळा जोर अॅग्रीमेंटवर. त्यात मोठी दुरुस्ती कुणाकडे लिहिलीय ते आजच बघा.

त्याआधी पाणी येतंय कुठून ते शोधा, कारण मालकाचं म्हणणं कधीकधी बरोबरही असतं (कपाट भिंतीला टेकवून, दारं-खिडक्या बंद आणि आत ओल्या कपड्यांची दोरी, मग काय होणार). भिंतीचा एक तुकडा पुसून पंख्याने सुकवा, त्यावर डब्यातल्या चपातीला गुंडाळतो तो फॉइल हातभर, चारही कडांनी चिकटपट्टी मारून लावा आणि दोनेक दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूने थेंब असतील तर घरातली वाफ, कपाट वीतभर पुढे ओढा. फॉइल मागून ओला झाला, शिवाय पोपडे सुटून पांढरा खार फुटलाय, तर पाणी भिंतीतून येतंय, आणि मग खिडकी उघडून काय डोंबल होणार!

बाहेरच्या भिंतीतून झिरपत असेल तर सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) पावसाची गळती आणि बाहेरचे कॉमन पाइप सोसायटीच्या खर्चात, वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती त्या सभासदाची. पण कमिटी तुमचा अर्ज बाजूला ठेवणार, कारण सभासद मालक आहे, अर्ज त्यानेच द्यायला हवा. बरेच मालक तेच टाळतात, मेंटेनन्स थकलेला असतो ना.

फॉइलचे, भिंतीचे फोटो व्हॉट्सअॅपवर नको, ईमेलवर पाठवा आणि सोसायटीला कधी लिहिताय ते लेखी विचारा. बाहेरचं वॉटरप्रूफिंग भर पावसात होत नाही, ती मुदत दिवाळीनंतरची मागा, पण ओल्या भिंतीवर नुसता रंग मारून देतो म्हणाले तर नको म्हणा.

प्रश्न : मी मालक, पुणे. राहणारे गेले, बाथरूमच्या छताला बुरशी आहे. पूर्ण घराचा रंग डिपॉझिटमधून घेऊ शकतो का?

उत्तर : बाथरूमच्या बुरशीपायी हॉलचा रंग? नाही हो. एक्झॉस्ट फॅन बसवून दिला होता का, आणि तो चालू होता का, ते आधी सांगा. नसेल तर बाथरूमचे पैसेही मागू नका. असेल तर फक्त त्या छताचं बिल दाखवून तेवढेच कापा आणि उरलेले परत करा.