आधी नोंद बघ

चि. मुली,

तुझा फोन ठेवला आणि झोप लागेना, म्हणून लिहितोय. धारवारच्या, म्हणजे कर्नाटकाखालच्या, जुन्या भूखंडाचं मूळ एका शोधनिबंधात शंभर किलोमीटर खोल, दुसऱ्यात दोनशे. प्रबंधात कुठला आकडा घालू, असं विचारलंस. दोघांनी वापरलेली भूकंपलहरींची एक तरी मूळ नोंद उघडून पाहिलीस का?

पहिला निबंध शोधतो ती खोलवरची कडा, जिथे लहरींचा वेग एकदम बदलतो आणि मंद एस लहरीची वेगवान पी लहर होते. दुसऱ्याच्या पृष्ठलहरींना, म्हणजे पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरींना, कडा दिसत नाही, वेगाची सरासरी दिसते. शंभराच्या आसपास मधेच एखादी कडा असेल आणि थंड, कठीण मूळ तिच्याही खाली गेलं असेल, तर दोघांत भांडण कसलं? हे रंगीत नकाशात दिसत नाही. आधी नोंद बघ.

‘लहर पोचल्याच्या वेळा सॉफ्टवेअर निवडतं’ हे मला पुन्हा सांगू नकोस. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात मागावर होते. सगळे माग खडखडत असताना कुठल्याचा धोटा अडकणार, ते त्यांना आवाजावरून कळायचं. तुझ्याही घरात माग आहेत. तो कान आता डोळ्यांत आण.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जन आटोपून सोलापूर झोपलेलं असताना, भूकंपाने घरातली भांडी वाजली. नंतर किल्लारीला भोक पाडलं, तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आत आपला काळा पाषाण संपला आणि खाली कितीतरी जुना खडक लागला. तेव्हापासून मला खालचंच वेड.

पुढे त्या वेडापायी मी चुकलो. एका भूकंपमापक स्टेशनखाली लहरी उशिरा येत होत्या; गरम खडकात त्या मंदावतात. जुन्या भूखंडाखाली गरम प्रावरण (कवचाखालचा थर), असं मी भर सभेत ठासून सांगितलं. दोन वर्षांनी कळलं, यंत्राचं घड्याळ जुळवणारं जीपीएस बंद होतं आणि घड्याळ पाऊण सेकंद पुढे गेलं होतं. दोनशे किलोमीटर खडक, सेकंदाला आठ किलोमीटर, म्हणजे पंचवीस सेकंद; वेगात दोन टक्के फरक पडला तर अर्धा सेकंद. आपलं सगळं शास्त्र त्या अर्ध्या सेकंदात आहे, आणि मी तो घड्याळाला विचारलाच नव्हता. मूळ नोंदी तेव्हा माझ्या टेबलावरच पडून होत्या. त्या सभेत ऐकायला बसलेली पोरं अजून आठवतात.

त्यानंतर स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेली एकही नोंद मी छापली नाही. पेपर थोडे झाले, बढती हुकली, बरोबरीचे पुढे गेले. हट्टी म्हणाले मला. होतोच. पण नंतरच्या कामातला एकही आकडा मागे घ्यावा लागला नाही, आणि हे तुला सांगताना मला बरं वाटतंय.

जपानकडचा एखादा मोठा भूकंप घे. त्याची पी लहर दहाएक मिनिटांत आपल्या पायाखाली पोचते. सगळ्या स्टेशनांच्या नोंदी, काहीही न गाळता, एकाखाली एक कागदावर काढ. जी शेजारणींपेक्षा वेगळी दिसेल, तिच्या घड्याळाचा हिशेब मागव. रविवारी ते कागद घेऊन ये. आकड्याचं तेव्हा बोलू.

तुझे सर