वाचक विचारतात : साध्या टीव्हीला स्ट्रीमिंग बॉक्स जोडावा का?

प्रश्न : साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचं जुनं दगडी घर आहे. माजघरात ३२ इंची साधा एलईडी टीव्ही असून चित्र अजून स्वच्छ दिसतं. फायबरचा राउटर पुढच्या सोप्यात आहे. केबल बंद करून इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारा बॉक्स घेऊ, असं मुलं म्हणतात. सासूबाईंना मात्र रोजच्या मालिका लागतात. दीड हजारातही बॉक्स मिळतो म्हणे. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टीव्ही बदलू नका. पडदा धड आहे आणि मागे एचडीएमआय पोर्ट मोकळं आहे, तर बॉक्सच फायद्याचा. स्मार्ट टीव्हीतलं सॉफ्टवेअर काही वर्षांत जुनं होतं, ॲप अडखळायला लागतात आणि मग चांगला पडदाही बदलावासा वाटतो. बॉक्स वेगळा असला की तेवढाच बदलायचा.

तुमची खरी अडचण भिंतींची आहे. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जाड दगडी भिंतीपलीकडे फारच क्षीण होतं. २.४ गिगाहर्ट्झ त्यामानाने पोचतं, पण वेग कमी, आणि आजूबाजूच्या राउटरांची त्यात गर्दी. स्टिक (पेनड्राइव्हएवढा छोटा बॉक्स) घेतलीत तर ती टीव्हीच्या पाठीमागे दडते, म्हणजे आणखी एक आडोसा. तेव्हा खरेदीआधी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान टीव्हीच्या जागी मोबाइल धरून वायफायचा वेग मोजा. फुल एचडीला सलग ५ एमबीपीएस पुरतात, त्याहून बारीक चित्राच्या ४केला १५ लागतात. (३२ इंची साध्या टीव्हीवर ४के दिसणारच नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.) वेग कमी भरला तर सोप्यातून माजघरात दाराच्या चौकटीलगत इंटरनेटची कॅट-६ वायर ओढा आणि ती जोडायला लॅन पोर्ट असलेला बॉक्स घ्या. बहुतेक स्टिकना हे पोर्ट नसतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवू नका. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजचे २ जीबी पाऊण तासातच संपतील.

दीड हजारातला बॉक्स नावाजलेल्या कंपनीचा नसेल तर घेऊच नका. वर ‘४के’ छापलेलं असतं, पण आत वाइडवाइनची (चोरून नक्कल होऊ नये म्हणून ॲप वापरतात त्या गूगलच्या संरक्षणाची) वरची, एल१ पातळी नसते. खालची एल३ असली की नेटफ्लिक्ससारखी ॲप ४८० रेषांचं पुसट चित्र देतात. दुकानातच ‘डीआरएम इन्फो’ ॲप टाकून ‘सिक्युरिटी लेव्हल’ची ओळ बघा. दुसरा धोका मोठा आहे. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर आलेलं सापडलं आहे. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये ‘बॅडबॉक्स २.०’ नावाने तसा इशाराही दिला होता.

बॉक्सला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका. तिथून बहुधा अर्धा अँपिअरच मिळतो, मग बॉक्स मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतो. सोबतचा ॲडॉप्टरच वापरा.

सासूबाईंसाठी केबल निदान महिनाभर चालू ठेवा. त्यांच्या बोटांना नंबर पाठ असतात. ॲपमध्ये आधी प्रोफाइल, मग शोध, मग भाग निवडायचा, हे त्यांना जाचक होतं. मालिकांच्या ॲपची वर्गणीही केबलच्या बिलाशेजारी मांडून बघा, कधीकधी बचत होतच नाही. क्रिकेटचं थेट प्रक्षेपणही बॉक्सवर काही सेकंद मागे असतं. शेजारच्या घरातला ओरडा आधी ऐकू येतो, विकेट नंतर दिसते.

बॉक्स जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा. कंपनीगणिक नाव वेगळं असतं, पण बॉक्स सुरू केला की टीव्हीही सुरू होतो आणि सासूबाईंना दोन रिमोट शोधावे लागत नाहीत.