‘उपासनेत सगळ्यांचे डोळे भरून येतात, माझे कोरडेच’

ज्याचा विश्वास खरोखर उडाला आहे तो समुपदेशकाकडे येत नाही, रविवारी सकाळी झोपून राहतो. ‘मला चर्चमध्ये काहीच वाटत नाही, माझा विश्वास मेला का?’ असं विचारायला येतात ते दर रविवारी वेळेवर हजर असणारे, वर्गणी चुकवत नाहीत, घरगुती प्रार्थनेला चहा करतात. म्हणून या प्रश्नाला लगेच ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ असं उत्तर देण्यात अर्थ नसतो. विश्वास ते ठेवूनच आहेत.

पुढची हकीकत अशा काही जणींच्या अनुभवांची मिळून केली आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एक शिक्षिका, वय 46. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, जुन्या मिशनच्या चर्चचं. आठ महिन्यांपूर्वी आई वारली. त्याआधी दोन वर्षं आईचं सगळं अंथरुणात, आणि ते करणाऱ्या या एकट्याच. अंत्यविधीनंतर महिनाभरात जाऊबाईंनी त्यांना रविवार संध्याकाळच्या एका फेलोशिपला, म्हणजे गाण्या-प्रार्थनेच्या सभेला, न्यायला सुरुवात केली. तिथे कीबोर्ड, ड्रम, डोळे मिटून हात वर केलेली माणसं, हुंदके. सभा संपली की बायका एकमेकींना म्हणायच्या, ‘आज काय अभिषेक होता!’, म्हणजे पवित्र आत्मा कसा उतरला होता. यांच्या अंगावर शहाराही यायचा नाही. मग एकदा जाऊबाई बोलून गेल्या, ‘वहिनी, तुम्ही आत्म्याला विझवता आहात. कुठेतरी कबूल न केलेलं पाप असेल.’

बाईंनी पाप शोधायला सुरुवात केली. सापडेना, म्हणून आणखी शोधलं. दुसऱ्या बाजूने त्या नाटक करायला लागल्या: इतरांचे हात वर गेले की आपलेही वर, ओठ हलते. घरी येऊन त्या नाटकाचा पश्चात्ताप. शेवटी, आपण अयोग्य आहोत म्हणून सकाळच्या चर्चमध्ये तीन महिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, घेतलं नाही. प्याला आला की मान खाली घालायची. नवऱ्याने कारण विचारलं तेव्हा कुठे बोलणं निघालं आणि त्या समुपदेशनाला आल्या.

अशा वेळी पहिला प्रश्न उपासनेबद्दल विचारायचाच नाही. विचारायचं ते हे: ‘ताई, हे न वाटणं फक्त चर्चमध्ये आहे की घरीही आहे?’ निदान बहुतेकदा याच उत्तरावर उभं राहतं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, मुलाचा बारावीचा निकाल चांगला लागला, पेढे वाटले, पण आनंद असा झाला नाही. जेवणाला चव लागत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. वर्गात मुलं हसली तरी चिडचिड होते. म्हणजे कोरडेपणा पवित्रस्थानापुरता नव्हता, सगळ्या घरभर होता. त्याला आध्यात्मिक नाव मिळालं ते चर्चमध्ये तो उघडा पडला म्हणून. शाळेत कुणी रडण्याची अपेक्षा करत नाही.

पीएचक्यू-9 नावाची नैराश्याची नऊ प्रश्नांची साधी चाचणी आहे. मागच्या दोन आठवड्यांत काय काय झालं ते विचारते, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा जास्त आले की डॉक्टरांनी नीट तपासावं. बाईंचे 13 आले. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरून जावंसं वाटतं का याला, उत्तर ‘नाही’ होतं. तिथे ‘कधीकधी’ असं असतं तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांना सांगणं आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठणं आलं. रात्री-अपरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. बाईंना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं ते हिमोग्लोबिन आणि थायरॉईडच्या तपासणीसाठी. थायरॉईड ठीक निघालं, हिमोग्लोबिन मात्र साडेनऊ होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. कुणाला हे फार ऐहिक वाटेल. त्यांनी बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचावा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत आधी त्याला झोपू देतो, भाकर-पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देवाची मंद वाणी येते ती त्यानंतर, चाळीस दिवसांची चाल झाल्यावर.

आणखी एक गोष्ट इथेच विचारून घ्यावी लागते: कोणती गोळी चालू आहे? नैराश्याच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी दुःखाबरोबर आनंदही बोथट होतो. रुग्ण म्हणतो, ‘रडू येत नाही आणि हसूही येत नाही.’ यावर उपाय डॉक्टरांकडे असतो, डोस कमी करणं किंवा औषध बदलणं. बरं झाल्याची साक्ष द्यायची म्हणून गोळी एकदम बंद करणं हा उपाय नव्हे. चक्कर, बेचैनी, झोप उडणं आणि आजार उलटणं, हे सगळं त्यातून होतं. कुठलाही प्रार्थना करणारा ‘गोळ्या सोड, विश्वास धर’ म्हणाला तर तिथून उठून यावं. मधुमेह्याला तीन दिवसांचा उपास सांगणाऱ्याच्या बाबतीतही तेच.

आता उपासनेकडे. बाईंच्या डोक्यात दोन चर्चची तुलना पक्की बसली होती: संध्याकाळी देव हजर असतो, सकाळी नसतो. याला छेद द्यायला संगीताची यंत्रणा उघडून दाखवावी लागते. एकच चरण आठ-दहा वेळा म्हणायचं. ठेका हळूहळू उतरवायचा. मग पट्टी अर्ध्या सुराने चढवायची, काळी एक असेल तर पांढरी दोन. प्रार्थना चालू असताना कीबोर्डवर एकच सूर लांबवत ठेवायचा. दिवे मंद. आजूबाजूला पन्नास जण रडत असतील तर गळा दाटून येणं हे शरीराचं साधं काम आहे. गाण्याच्या मैफलीत होतं, कीर्तनाच्या आख्यानातही होतं. यात फसवणूक आहे असं नाही. चांगली चाल हे चांगलंच साधन. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं आणि अभंग लिहिले ते मराठी माणसाचं मन टाळ-मृदंगाला हलतं हे ओळखूनच. पण पट्टी चढल्यावर जे हललं त्यालाच आत्मा म्हटलं, तर ज्याचं हललं नाही त्याला आत्म्याविना ठरवणं ओघाने येतं. चूक तिथे आहे.

उलट बाजूची चूक जुन्या चर्चमध्ये चालते, आणि तीही बाईंनी ऐकली होती: ‘ते तमाशे करतात, आपलं कसं शिस्तीत.’ हेही खरं नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे पुनरुज्जीवन झालं त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, पापांसाठी आक्रोश करत. महाराष्ट्राच्या मातीतली ही गोष्ट आहे, कुठल्या टीव्ही चॅनेलवरून उचललेली नाही. त्या मुली तिथेच थांबल्या नाहीत, गट करून आसपासच्या गावांत सेवेला गेल्या, हा तिचा दुसरा भाग. अहमदनगरला 1831 मध्ये ठाणं उभारणारं अमेरिकन मराठी मिशन अमेरिकेतल्या ज्या न्यू इंग्लंडच्या परंपरेतून आलं, तिथला धर्मशास्त्री जोनाथन एडवर्ड्स याने 1746 साली याच विषयावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या मंडळीत लोक किंचाळत, कोसळत. त्याचं म्हणणं असं की तीव्र भावना, शरीर थरथरणं, रडणं यांवरून काम देवाचं आहे असं सिद्ध होत नाही, आणि देवाचं नाही असंही सिद्ध होत नाही. त्याने खऱ्या भक्तीच्या बारा खुणा दिल्या आणि सर्वांत जास्त पानं शेवटच्या खुणेला, रोजच्या आचरणाला, दिली. बाईंना विचारलं, आईचं दोन वर्षं कुणी केलं? त्या खुणेचं काय करायचं? त्यांनी तो हिशोब कधी मांडलाच नव्हता.

चार आठवड्यांसाठी त्यांना जे सांगितलं ते असं. संध्याकाळची सभा बंद. सोडली म्हणून नव्हे, विश्रांती म्हणून. सकाळच्या उपासनेत नाटक बंद. गायला येत नसेल तर उभं राहायचं, पुस्तक उघडं धरायचं, इतरांना गाऊ द्यायचं. मंडळीची गरज अशाच वेळी असते, आपण गाऊ शकत नाही तेव्हा कुणीतरी गात असतं. आणि सर्वांत कठीण: ‘आता काही वाटतंय का?’ ही आतली तपासणी थांबवायची. झोप लागली का हे घड्याळात बघत राहिलं की झोप लागत नाही, तसंच हे. तपासणी मनात आली की स्वतःशी भांडायचं नाही, गीताच्या पुढच्या ओळीचा पहिला शब्द बोटाने धरायचा. इतकंच.

घरी आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं, संध्याकाळी सहाच्या आसपास, बायबलमधलं स्तोत्र 13 समोर ठेवून लिहायचं. झोपण्यापूर्वी नाही, रात्री लिहिलं की पहाटे तीनची जाग पक्की. हे स्तोत्र सहाच ओवींचं आहे आणि त्याचे भाग स्वच्छ दिसतात: पहिल्या दोन ओवींत चार वेळा ‘कोठवर?’ ही तक्रार, तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणी, शेवटच्या दोन ओवींत भरवसा. त्याच क्रमाने स्वतःची वाक्यं लिहायची. तक्रारीत नावं, तारखा, खोल्या आल्या पाहिजेत. ‘मी दुःखी आहे’ चालणार नाही. भरवशाची ओळ आली नाही तर जागा कोरी सोडायची. इथे हमखास गडबड होते ती ही की ख्रिस्ती माणूस पहिल्याच दिवशी शेवटची ओळ भरतो, सवयीने, आणि तक्रार दोन शब्दांत उरकतो. बाईंनी पहिल्यांदा तसंच केलं: ‘आई गेली. तरी प्रभू चांगला आहे.’ वही परत दिली. दुसऱ्या आठवड्यात दीड पान तक्रार आली. त्यात एक वाक्य होतं: ‘शेवटच्या रात्री तिने पाणी मागितलं आणि मी चिडून म्हणाले, आत्ताच तर दिलं.’ भावना कुठे अडकून बसली होती ते तिथे कळलं. दुःखाखाली अपराधीपणा होता, आणि ‘कबूल न केलेलं पाप शोध’ या सल्ल्याने नेमकी त्याच जागी मेखेवर हातोडी बसत होती. पुढच्या तीन बैठका त्या एका रात्रीवर गेल्या. दोन वर्षं पुरती झोप न मिळालेल्या माणसाच्या तोंडून पहाटे एक वाक्य जाणं म्हणजे काय, हे सावकाश बघितलं.

150 स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांत ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आहेच. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आपण तो भक्तिभावाने ऐकतो आणि रविवारी तोच आवाज बाकावरून आला तर त्याला विश्वासाची कमतरता म्हणतो. हे विचित्र आहे.

प्रभुभोजनाचा प्रश्न पाळकसाहेबांचा, म्हणून तो त्यांच्याकडेच नेला. त्यांनी पौलाच्या पहिल्या करिंथ पत्राचा 11वा अध्याय पूर्ण उघडला, फक्त ‘अयोग्य रीतीने’ची एक ओळ नाही. तिथली तक्रार अशी आहे की काही जण आधीच खाऊन घेतात, एक भुकेला राहतो, एक पिऊन धुंद होतो, गरिबाला लाज आणली जाते. मेजाभोवतीचं वागणं हा विषय आहे, भाकर हातात घेताना काय वाटलं हा नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाईंनी प्याला घेतला. काय वाटलं हे आम्ही विचारलं नाही.

पाळकांनी स्वतःहून दोन बदल केले. उपासनेत महिन्यातून एकदा विलापाचं स्तोत्र, आणि त्यानंतर एक मिनिट शांतता, ऑर्गनसुद्धा बंद. पहिल्या वेळी चर्चच्या पंचांपैकी एकाला वाटलं, माइक गेला. दुसरा बदल: घरात मृत्यू झालेल्याला वर्षभर पुढे बोलावून साक्ष मागायची नाही, स्वतःहून उठला तर गोष्ट वेगळी. फेलोशिप चालवणाऱ्यांनाही एवढं करता येईल की ‘ज्यांना स्पर्श झाला त्यांनी हात वर करा’ हे वाक्य गाळावं. त्या वाक्याने हात वर न करणाऱ्यांचीही मोजदाद होते. पौलाने करिंथला अन्यभाषांनाही, म्हणजे आत्म्याच्या भरात निघणाऱ्या अनोळखी बोलीलाही, दोघे, फार तर तिघे, तेही पाळीपाळीने आणि अर्थ सांगणारा असेल तरच, असं बांधून दिलं होतं. उत्साह असलेल्या मंडळीलाच असे नियम लागतात.

जाऊबाईंना काय सांगायचं हे वाक्य आधी ठरवून, दोनदा म्हणून घेतलं: ‘आई गेल्याचं दुःख अजून चालू आहे. माझ्यासाठी घरी प्रार्थना करा, पण डोक्यावर हात ठेवून आत्ता नको.’ जाऊबाई वाईट नाहीत. आईच्या आजारपणात यांच्या घरी डबा त्याच पाठवत होत्या. त्यांना मदत करायची होती, हाताशी होती ती एकच रीत. म्हणून त्यांना दुसरं काम दिलं: बुधवारी संध्याकाळी येऊन अर्धा तास सोबत चालायचं, वाटेत उपदेश नाही.

चार महिन्यांनी चाचणीचे गुण 5 वर आले, हिमोग्लोबिन 11.8. पहाटेची जाग आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली. सकाळच्या उपासनेला बाई जातात, गातात, खालच्या पट्टीत. संध्याकाळी कधीमधी जाऊबाईंबरोबर जातात आणि हात खाली ठेवून उभ्या राहतात. चर्चमध्ये रडू अजून आलेलं नाही. जाऊबाईंनी आशा सोडलेली नाही.