हवामान बदललं की माणसाची जनुकं बदलतात का?

कोल्हापूरहून लेहला बदली झालीय, तिथल्या विरळ हवेनं आपली आणि पोरांची जनुकं बदलतील का, असं तुम्ही विचारलंय. जनुकं तीच राहतात. कुठलं जनुक किती काम करतंय, ते बदलतं. मला हे माझ्या डाव्या पायानं शिकवलं.

आमचे थोरले चुलते, तात्या, पेठेतल्या तालमीतले जुने पैलवान. सतराव्या वर्षी मी जोर-बैठका सुरू केल्या तर म्हणाले, "पैलवानकी रगतातच असाय लागती. तुझ्यात आईकडचं रगत हाय." आई तिथंच भाकरी थापत होती. त्याच पावसाळ्यात गाडी घसरली आणि डावा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये. प्लास्टर कापलं तर मांडी पार वाळलेली. तात्या लगेच, "बघ, रगतच कच्चं!" अहो, मग उजव्या पायात काय शेजाऱ्याचं रक्त होतं?

पुढं वाचनात आलं, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेनं 2014 मध्ये नेमकं हेच तपासलेलं. 23 जणांनी तीन महिने एकाच पायानं व्यायाम केला, आठवड्यातून चारदा, 45 मिनिटं. दुसरा पाय निवांत. आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून पाहिले. राबलेल्या पायात डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा, म्हणजे जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या बारीक रासायनिक खुणा, हजारो ठिकाणी बदललेल्या, हजारो जनुकांचं काम कमी-जास्त झालेलं. माणूस तोच, जेवण तेच, रगत तेच! तो लेख छापून मी तात्यांना वाचून दाखवला. चहा पिऊन उठून गेले.

हां, लेह. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन असतं, ऑक्सिजन पुरेसा असला की ते लगेच मोडलं जातं. ऑक्सिजन कमी पडला की टिकतं आणि बरीच जनुकं जागी करतं. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक वाढतं, मग तांबड्या पेशी वाढतात. या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं. खाली आलात की हे सगळं ओसरतं. पहिले दोन दिवस जिनासुद्धा सावकाश चढा.

तिबेटी लोकांना विरळ हवेत तगायला मदत करणारं ईपीएएस1 जनुकाचं खास रूप पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलंय, ते बदलीच्या ऑर्डरीवर मिळत नाही. उंची, हाडपेर हेही बरंचसं वारशानंच येतं, म्हणजे तात्या अगदीच चूक नव्हते. हे त्यांच्यासमोर मी कबूल करणार नाही.

पोरांना तिथं खेळू द्या, फक्त "आपल्या रक्तात नाही" असं त्यांना ऐकवू नका. तात्यांची स्वतःची दोन्ही पोरं कधी मातीत उतरली नाहीत.