आजोबा देवमाणूस होते, पण त्यापुढे काही सुचेना

वडिलांना जाऊन सात महिने झाले होते. वय ८१. पहिल्या स्मृतिदिनाला घरच्यांसमोर त्यांच्याविषयी बोलायचं काम मुलीकडे आलं होतं. ती लिहायला बसली आणि चार ओळींत मजकूर संपला: श्रद्धाळू होते, कुटुंबवत्सल होते, कष्टाळू होते, नातवंडांवर त्यांचा जीव होता. त्याच आठवड्यात तिचा अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आई, आजोबांचा आवाज कसा होता ते मला आठवतच नाहीये." आमच्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा तिने विचारलं, "इतक्या लवकर आम्ही बाबांना विसरायला लागलो का?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न अनेकांना पडतो आणि बहुतेकांच्या बाबतीत भीती खरी नसते. माणूस गेल्यावर घरात त्याच्याविषयी ठरावीक वाक्यं बोलली जाऊ लागतात. जे पुन्हा पुन्हा सांगितलं जातं ते पक्कं होतं, जे कुणी सांगत नाही ते मागे पडतं. गेलेली व्यक्ती देवभक्त असेल तर हे आणखी लवकर होतं. त्यांचा तापटपणा, हट्ट, फजिती यांविषयी बोलणं म्हणजे अनादर, असं सगळ्यांना वाटतं. मग उरतो तो फोटोतला सज्जन गृहस्थ. असा गृहस्थ कुणाचेही आजोबा असू शकतो, म्हणून नातवाला त्याच्यात आपले आजोबा सापडत नाहीत.

दुसरी अडचण वयाची. या मुलीला वडील आठवत होते ते त्यांच्या पंचेचाळिशीपासूनचे. नातू जन्मला तेव्हा ते सत्तरीचे होते. म्हणजे घरातल्या कुणालाच त्यांची तरुण वर्षं माहीत नव्हती. आयुष्याकडे मागे वळून पाहताना माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त येतात, हे स्मृतीच्या अभ्यासांत वारंवार दिसलेलं आहे. तेव्हा पहिलं काम ठरलं: वडिलांच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे जायचं. वयस्कर नातेवाइकांच्या बाबतीत हे पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.

आत्याकडे जाताना काय करायचं ते नेमकं सांगितलं. एका बैठकीला एक किंवा दोनच फोटो न्यायचे, अख्खा अल्बम नाही. अल्बम नेला की प्रत्येक फोटोला "हा अमक्याच्या लग्नातला" एवढंच ऐकायला मिळतं. वेळ अर्धा-पाऊण तास, कारण त्यानंतर वयस्कर माणूस थकतो आणि त्याच त्या गोष्टी येऊ लागतात. खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नकोत. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायचं, मोबाइल बोलणाऱ्याच्या जवळ ठेवायचा आणि पंखा शक्यतो बंद, कारण ऐकताना सर्वांत जास्त त्रास त्याच्याच आवाजाचा होतो. "दादा कसा होता?" असं विचारलं की उत्तर "फार चांगला" असं येतं. त्याऐवजी "शाळेतून आल्यावर आधी काय करायचा?", "कशाला घाबरायचा?", "तुम्हा दोघांचं भांडण कशावरून व्हायचं?" असं विचारावं. सांगणाऱ्याने साल चुकवलं तर मध्येच दुरुस्त करू नये. दोन भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेवाव्यात.

मुलाशी बोलायची पद्धत वेगळी. "तुला आठवतं का?" हा प्रश्न मुलाला परीक्षेसारखा वाटतो. नाही आठवलं की ते ओशाळतं आणि पुढच्या वेळी विषयच टाळतं. आधी आपण एक तपशील द्यायचा, "आजोबा चष्म्याच्या डबीला रबर लावायचे", आणि मग "ते रबर तुटलं की काय करायचे?" असा मोकळा प्रश्न. मुलं दुःखात सलग राहत नाहीत. पाच मिनिटं बोलतील, खेळायला पळतील, रात्री झोपताना पुन्हा विचारतील. त्याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा घेऊ नये.

आवाजाचा प्रश्न तातडीचा होता. गेलेल्या माणसाचा नंबर बंद होतो, हँडसेट कुणीतरी रीसेट करून वापरायला घेतं आणि सगळं पुसलं जातं. व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज मात्र ज्यांना पाठवले होते त्यांच्या फोनमध्येही असतात. सगळ्या नातेवाइकांना विचारावं, फाइल्स वेगळ्या काढून दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख व कुणाला पाठवलं ते लिहावं. इथे नातवासाठी पाठवलेला, त्याच्या वाढदिवसाचा एक मेसेज सापडला. तो त्याला लगेच ऐकवायचा नव्हता. "आपल्याकडे आहे, तुला हवा तेव्हा ऐकू" असं सांगायचं, कारण अचानक आलेला आवाज मोठ्यांनाही हादरवतो. मुलाने चार दिवसांनी मागितला.

मग लिखाण. चार विशेषणं कागदाच्या डाव्या बाजूला घ्यायची आणि प्रत्येकासमोर एकच प्रसंग लिहायचा: कुठे, किती वाजता, हातात काय होतं, काय म्हणाले. जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही आजोबांना लागू पडेल ते खोडायचं. तीन-चार मिनिटांच्या बोलण्याला साधारण चारशे शब्द आणि तीन प्रसंग पुरतात.

'श्रद्धाळू'समोर तिला काहीच लिहिता येईना. "रोज प्रार्थना करायचे, आणखी काय?" तेव्हा त्यांच्या प्रार्थनेच्या जागी कोणत्या वस्तू आहेत त्या पाहायला सांगितलं. तिथे एक वही निघाली. पानापानावर नावं, पुढे तारीख, एक-दोन शब्द: नातवाच्या नावापुढे 'गणित', शेजाऱ्यांच्या नावापुढे 'ऑपरेशन'. काळजी मिटली की बरोबरची खूण. काही नावं घरात कुणालाच ओळखता आली नाहीत. आणि सख्ख्या धाकट्या भावाचं नाव, ज्याच्याशी ते अनेक वर्षं बोलत नव्हते, दर काही पानांनी पुन्हा लिहिलेलं होतं. त्यापुढे खूण नव्हती.

मुलीला वाटलं, भावाशी अबोला होता हे सांगितलं तर वडिलांची भक्ती खोटी ठरेल. आमचं मत याच्या अगदी उलट आहे. ज्याच्याशी बोलवत नव्हतं त्याच्यासाठी हा माणूस रोज प्रार्थना करत होता, यातून त्यांची श्रद्धा जितकी कळते तितकी कुठल्याही स्तुतीतून कळणार नाही. मुलांच्या बाजूनेही हे महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना कुटुंबाविषयी २० प्रश्न विचारून अभ्यास केला. ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त माहीत होत्या त्यांचा आत्मसन्मान जास्त आढळला. पण प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतल्याने तो येत नाही. चढ आणि उतार दोन्ही सांगितले जाणं आणि सांगायला घरात कुणीतरी बसणं, त्याने फरक पडतो.

तिचा मोठा भाऊ वेगळ्याच मार्गाने वडिलांना धरून होता. संध्याकाळी सातला सगळ्यांनी प्रार्थनेला बसायचंच, असा त्याचा नियम. नातू पळ काढायचा आणि त्यावरून वाद व्हायचे. आठवण आणि आचरण एकत्र बांधलं की मूल दोन्हींपासून लांब जातं. शेवटी ठरलं असं: भावाने प्रार्थना चालू ठेवायची, बाकीच्यांनी इच्छेने यायचं, आणि सुरुवातीला वहीतली दोन नावं वाचायची. मुलगा तेवढ्यापुरता येतो आणि उठून जातो. त्याला अडवत नाहीत.

मुलीची आणखी एक धास्ती होती: सात महिने झाले तरी रडू येतं, हा आजार तर नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकारासाठी किमान सहा महिन्यांची मुदत आहे, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-५-टीआर या निदान-पुस्तिकेत मोठ्यांसाठी १२ आणि मुलांसाठी सहा महिने. पण नुसती मुदत ओलांडल्याने निदान होत नाही. जवळजवळ रोज तीव्र ओढ आणि वेदना, आणि त्यामुळे काम, झोप, नाती विस्कटलेली असणं हे पाहिलं जातं. आधी रडून मग मुलाचा अभ्यास घेणारी, ऑफिसला जाणारी व्यक्ती त्यात बसत नाही. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं की निरोगी शोक दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात ये-जा करतो. रोजचं काही जमेनासं झालं किंवा जगू नये असं वाटू लागलं तर मात्र महिने मोजत न बसता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

स्मृतिदिनाला ती वहीविषयी बोलणार होती. हयात माणसाचा उल्लेख चारचौघांत करायचा तर आधी त्याला विचारावं, म्हणून तिने काकांना फोन केला आणि ते वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. काका म्हणाले, नाव घे, फक्त भांडण कशावरून झालं ते सांगू नकोस. तिने ते वगळलं.