लाईक म्हणजे सारखा आणि लाईक म्हणजे आवडणं, हे एकच आहे का?

प्रश्न असा आलाय की इंग्रजीत 'सारखा' यालाही लाईक आणि 'आवडणं' यालाही लाईक, मग हे दोन वेगळे शब्द चुकून एकसारखे झालेत का? तर नाही, दोन्हीचं मूळ एकच आहे आणि ते मूळ म्हणजे चक्क 'देह'!

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११०० च्या आधीच्या, 'लीच' म्हणजे अंग, शरीर, आणि प्रेतसुद्धा. इंग्लंडमधे जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं फाटक असतं त्याला आजही लिचगेट म्हणतात, कारण अंत्यविधीला आणलेलं प्रेत तिथे टेकवून पाद्र्याची वाट बघायचे. जर्मनमधे तर जोडीच शिल्लक आहे, लाइशे म्हणजे प्रेत आणि ग्लाइश म्हणजे सारखा. या 'लीच'ला 'सह' अशा अर्थाचा 'ये' हा उपसर्ग लागून झालं 'येलीच', म्हणजे ज्याचं अंग, ज्याचं रूप तेच आहे असा. आपल्याकडे 'सरूप' हा शब्द अगदी याच घडणीचा आहे बघा. पुढे 'ये' गळून पडला आणि लाईक उरला. फ्रेंडली मधला 'ली' पण हाच, मित्राचं रूप असलेला, आणि सच (such), विच (which) या शब्दांच्या शेवटी जो 'च' ऐकू येतो तो पण या 'लीच'चाच.

आता आवडणं कुठून आलं. जे आपल्याशी जुळतं, आपल्याला साजेसं असतं ते रुचतं, असा तो प्रवास. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की जुन्या इंग्रजीत 'मी लाईक करतो' असं म्हणायचेच नाहीत, ती गोष्ट 'मला' लाईकते अशी रचना होती, थेट आपल्या 'मला आवडतं'सारखी! शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकात राजा 'इट लाईक्स अस वेल' म्हणतो ती हीच रचना, 'आम्हाला हे आवडलं'. नंतर ती मागे पडली आणि आवडणारा माणूस कर्ता होऊन बसला.

आपला 'सारखा' आलाय संस्कृत 'सदृक्ष' वरून, प्राकृतात त्याचं 'सारिक्ख' झालं. त्यात 'दृश्' आहे म्हणजे बघणं, तर आपण सारखेपणा डोळ्यांनी ठरवला आणि त्यांनी अंगावरून. (सेम हा शब्द वेगळा, तो आपल्या 'सम'चा लांबचा भाऊ, पण इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्समधून, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून.)

आणि सारखेपणातून आवड हे काही इंग्रजीचंच नाही हं. 'मनासारखं झालं' असं आपण म्हणतो तेव्हा तिथे 'सारखं'चा अर्थ काय असतो? आवडलं, हाच ना!