वाचक विचारतात : जुन्या फुटबॉल स्पर्धेचं पान विकिपीडियावर टिकेल का?

प्रश्न : शेफील्डचा युडन कप (१८६७) एकदाच खेळला गेला. क्रॉमवेल कपमध्ये (१८६८) तर चारच संघ होते. तरी इंग्रजी विकिपीडियावर दोन्हींची स्वतंत्र पानं आहेत. आम्ही काही मित्र मराठीत अशा स्पर्धांवर लिहायचं म्हणतोय. कुठली स्पर्धा पानाच्या लायकीची, हे ठरवायचं कसं? — एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : किती जुनी, किती संघ, किती वर्षं चालली, यावर ते ठरत नाही. प्रश्न एकच असतो : स्पर्धेशी ज्याचा काही संबंध नाही, अशा कुणी तिच्याबद्दल निकालापलीकडे काही लिहिलंय का? आणि तेही एकाने नाही, निदान दोघा-तिघांनी, एकमेकांवरून न उतरवता.

युडन कप यात सहज बसतो. एफए कप (इंग्लंडची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा) सुरू व्हायच्या चार वर्षं आधी बारा क्लब त्यात उतरले होते. अंतिम सामना हॅलमने नॉरफोकविरुद्ध जिंकला, तोही गोलवर नाही, ‘रूज’ या दुय्यम गुणावर. हरवलेला चषक १९९७ मध्ये हॅलम क्लबला परत मिळाला. फुटबॉलच्या इतिहासकारांनी या सगळ्याची चिकित्सा केली आहे. क्रॉमवेल कपचंही तसंच. ‘द वेन्सडे’ या तेव्हाच्या नवख्या क्लबने तो जादा वेळेतल्या पहिल्याच गोलवर जिंकला आणि पुढे अशा निर्णायक गोलचा, म्हणजे ‘गोल्डन गोल’चा, इतिहास लिहिणारे तिथपर्यंत मागे गेले. चार संघांची स्पर्धा टिकली ती या नंतरच्या लिखाणावर.

लिहायला बसण्याआधी ही तालीम करा. जमलेले सगळे स्रोत समोर ठेवा आणि पेन्सिलीने तारीख, संघ, गोलसंख्या, बक्षीस कुणाच्या हस्ते, एवढं सगळं खोडा. उरलेल्या मजकुरातून दोन परिच्छेद उभे राहत असतील तर पुढे जा. आकडेवारीच्या संकेतस्थळांवरचे विजेत्यांचे तक्ते या तालमीत पूर्ण खोडले जातात. तपशील पडताळायला ते चांगले, पण पानाला आधार म्हणून कुचकामी. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच्या चार ओळींच्या बातमीचंही तेच. नामवंत खेळाडू खेळून गेला म्हणून स्पर्धेला उल्लेखनीयता (म्हणजे स्वतंत्र पानाची लायकी) चिकटत नाही.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिलं, उसनी माहिती. पाच संकेतस्थळांवर सापडलेलं तेच वाक्य बहुतेक वेळा विकिपीडियावरूनच उचललेलं असतं. पाच दिसले तरी स्रोत शून्य. दुसरं, जुन्या इंग्रजी कागदांत ‘फुटबॉल’ म्हणजे रग्बी असू शकतं. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७० च्या दशकात रग्बी खेळायचा. क्लब बंद करताना खात्यातले चांदीचे रुपये वितळवून जो कलकत्ता कप घडवला, तो आजही इंग्लंड-स्कॉटलंड रग्बी सामन्याला दिला जातो. म्हणून नियम कुठले, एका बाजूला खेळाडू किती, हे आधी बघा.

ड्युरँड (१८८८), रोव्हर्स (१८९१), आयएफए शिल्ड (१८९३) या भारतातल्या जुन्या फुटबॉल स्पर्धांबद्दल शंकाच नाही. मेहनत घ्यायची असेल तर एकेका हंगामाच्या पानावर घ्या. स्पर्धा उल्लेखनीय म्हणून तिचा प्रत्येक हंगाम उल्लेखनीय होत नाही. १९११ च्या शिल्डवर, मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ हरवलं त्यावर, हवं तेवढं साहित्य आहे. त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांवर तेवढं मिळेलच असं नाही. मसुदा आधी सदस्य-धूळपाटीवर (आपल्या खात्याच्या सरावाच्या पानावर) लिहा, शंका असेल तर चावडीवर (विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर) विचारा. थेट नवं पान तयार केलंत तर दुसऱ्याच दिवशी त्यावर ‘पान काढा’चा साचा, म्हणजे पान वगळा असं सुचवणारी पाटी, लागलेला दिसू शकेल.

प्रश्न : घरात स्वातंत्र्यापूर्वीच्या एका स्थानिक फुटबॉल शिल्डचं पदक आणि तीन कात्रणं आहेत. एवढ्यावर पान होईल का? — एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : एवढ्यावर नाही. पदक आयोजकांनीच दिलेलं, त्यामुळे ते स्वतंत्र पुरावा नव्हे. कात्रणांवर वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पानाचा क्रमांक नसेल तर तीही अर्धवटच. आधी कात्रण उलटून बघा. मागच्या बाजूला नाटकाची, लिलावाची किंवा सरकारी जाहिरात असते आणि तिच्यात बरेचदा तारीख सापडते.

तारखेचा अंदाज आला की वाचनालयातल्या बांधीव फायली चाळायला घ्या. सुरुवात पावसाळ्याच्या महिन्यांपासून करा, कारण मुंबईकडे फुटबॉलचा हंगाम मुख्यतः तोच. इंग्रजी दप्तरांत आणि डिजिटल संग्रहांत शहराचं नाव ‘शोलापूर’ या जुन्या स्पेलिंगने शोधा. ‘सोलापूर’ टाकलंत तर फारसं काही हाती लागणार नाही. सापडलेल्या बातमीचा नुसता तुकडा नको, पूर्ण पानाचा फोटो घ्या, वरची नावाची आणि तारखेची पट्टी आली पाहिजे. स्रोत इंटरनेटवर असलाच पाहिजे अशी अट नाही. मराठी असला, छापील असला तरी चालतो, फक्त दुसऱ्याला तो काढून पाहता आला पाहिजे. घरातली वही किंवा वडीलधाऱ्यांची आठवण इथे चालत नाही, ती कितीही खरी असली तरी.

शोधूनही निकालांपलीकडे काही मिळालं नाही तर स्वतंत्र पानाचा हट्ट सोडा. सोलापूरच्या लेखात क्रीडा या विभागात संदर्भासह तीन-चार वाक्यं घाला आणि स्पर्धेच्या नावाचं पुनर्निर्देशन तिकडे करा, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप त्या लेखावर पोचेल. उद्या कुणाला जास्त साहित्य सापडलं तर त्या पुनर्निर्देशनाच्या जागीच पूर्ण लेख करता येतो. आपणच एखाद्या साप्ताहिकात लेख छापून आणायचा आणि मग तोच संदर्भ म्हणून द्यायचा, ही युक्ती मात्र करू नका. लेखकाचं आणि संपादन करणाऱ्या सदस्याचं नाव जुळलं की चर्चापानावर पहिला प्रश्न त्यावरच येतो.